कलासंग्रह ग्रंथालयाला देताना : यादीपासून दानपत्रापर्यंत

चित्रं द्यायची तर संग्रहालयाला, ग्रंथालयाला कशाला, असं पुष्कळांना वाटतं. पण ग्रंथालयांना चित्रं फार पूर्वीपासून मिळत आली आहेत. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचा मुद्राचित्र (म्हणजे ठशावरून कागदावर छापलेल्या चित्रांचा) विभाग १९०० साली उभा राहिला, तो सॅम्युएल एव्हरी या कलाविक्रेत्याने दिलेल्या १७ हजारांहून अधिक एचिंग (धातूच्या ठशावरची) आणि लिथोग्राफ (दगडी ठशावरची) मुद्राचित्रांच्या जोरावर. बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाला १९४१ साली आल्बर्ट विगिन या बँकरने आपला मुद्राचित्रांचा संग्रह दिला. एवढा मोठा संग्रह फार थोड्यांकडे असतो. पण दीडशे रेखाटनं आणि दोन खोकी छायाचित्रं देणाऱ्यालाही पायऱ्या त्याच चढाव्या लागतात, आणि त्या चुकल्या तर होणारा मनस्तापही तोच.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. तुम्ही देताय ती वस्तू तुमच्या दृष्टीने देणगी असली, तरी ग्रंथालयाच्या दृष्टीने ते अनेक वर्षांचं काम असतं : जागा, नोंदणी, डागडुजी, राखण. हे काम हलकं करून देणाऱ्याला होकार लवकर मिळतो. पुढे जे सांगतो आहे ते सगळं त्यासाठीच.

आधी छाननी

संग्रहालयातलं चित्र भिंतीवर असतं, ग्रंथालयातलं बहुतेक वेळा फोल्डरमध्ये, सपाट खणांच्या कपाटात. वाचक मागणीचिठ्ठी भरतो, कर्मचारी फोल्डर आणून टेबलावर ठेवतात, पाहून झालं की ते परत कपाटात जातं. त्यामुळे कागदावरचं जे काही असेल ते ग्रंथालयाला सोयीचं : मुद्राचित्रं, रेखाटनं, जलरंग, छायाचित्रं, पोस्टर, नकाशे, सचित्र पोथ्या, कलावंतांची स्केचबुकं. मोठी तैलचित्रं आणि शिल्पं बहुतेक ग्रंथालयांना झेपत नाहीत. त्यांना भिंत लागते, पहारा लागतो, वेगळे तज्ज्ञ लागतात.

लेसिंग रोझेनवाल्ड या अमेरिकन संग्राहकाने १९४३ साली ही विभागणी फार शहाणपणाने केली. सचित्र आणि दुर्मीळ ग्रंथ लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले, मुद्राचित्रं वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीला. एकच संग्रह, पण ज्याचं त्याला. ‘सगळं एकत्रच राहिलं पाहिजे’ हा हट्ट तुम्ही धरून बसला असाल तर या उदाहरणाचा जरूर विचार करा.

छाननी करताना लोक हमखास जे टाकून देतात ते जपा. प्रदर्शनांचे कॅटलॉग, निमंत्रणपत्रिका, चित्रकाराची पत्रं, खरेदीच्या पावत्या, वर्तमानपत्रातली कात्रणं. अभ्यासकाला चित्रापेक्षा हा पसारा अधिक उपयोगी पडतो असं मी ठामपणे म्हणेन. चित्राचा फोटो कुठेतरी सापडतो, पण ते कुणी, कधी, कोणाकडून घेतलं हे तुमच्या कपाटातल्या त्या पावतीखेरीज कुठेच नसतं.

यादी : सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा

यादी नीट नसली तर काय होतं याचं उदाहरण मोठ्या ग्रंथालयातलंच आहे. २०१५ साली बोस्टनच्या त्याच सार्वजनिक ग्रंथालयात ड्यूरर या थोर जर्मन चित्रकाराचं ‘ॲडम अँड ईव्ह’ हे मुद्राचित्र आणि तितक्याच थोर डच चित्रकार रेम्ब्रांटचं एक आत्मचित्र सापडेना. चोरीचा संशय आला, पोलीस तपास झाला, ग्रंथालयाच्या प्रमुखांनी राजीनामा देऊ केला. अखेर दोन्ही चित्रं त्याच इमारतीत, चुकीच्या जागी ठेवलेली सापडली. हे ड्यूररच्या बाबतीत झालं, तर तुमच्या आजोबांच्या स्केचबुकाची काय कथा!

यादीसाठी स्प्रेडशीट पुरे. चोरीला गेलेल्या कलावस्तू ओळखता याव्यात म्हणून १९९७ साली ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाचा एक साधा आंतरराष्ट्रीय नमुना जाहीर झाला. त्यातले रकाने घरच्या यादीलाही चालतात : वस्तूचा प्रकार, साहित्य आणि तंत्र, मापं, सही-शिक्के-मजकूर, वेगळेपणाच्या खुणा, शीर्षक, विषय, काळ, कर्ता आणि फोटो. त्यात मी आणखी दोन रकाने घालायला सांगेन : ‘कुठून आलं’ आणि ‘आत्ता घरात कुठे आहे’.

नोंद कशी असावी याचा एक नमुना :

‘क्र. ४७. शीर्षक नाही (नदीवरचा पूल, डावीकडे दोन होड्या). एचिंग, कागदावर. ठशाची कड १४.८ × २१.२ सेंमी, पूर्ण कागद २५ × ३२.५ सेंमी. खाली डावीकडे पेन्सिलीने १२/५०, उजवीकडे सही, वाचता येत नाही. मागे जांभळा गोल शिक्का, अर्धा पुसलेला. वरच्या उजव्या कोपऱ्यात पाण्याचा डाग. वडिलांनी लिलावात घेतलं, पावती फाइल ३ मध्ये. कपाट २, दुसरा खण.’

माप देताना आधी उंची, मग रुंदी. मुद्राचित्र असेल तर ठशाची दाबलेली कड आणि पूर्ण कागद, दोन्ही मोजा. त्यावरचं १२/५० म्हणजे पन्नास प्रतींपैकी बारावी. सही वाचता येत नसेल तर अंदाजाने मोठ्या चित्रकाराचं नाव लिहून मोकळं होऊ नका. ‘वाचता येत नाही’ ही प्रामाणिक नोंद आहे आणि तज्ज्ञांचा तुमच्या बाकीच्या नोंदींवरचा विश्वास तिने वाढतो. घरात नुसतं ऐकलेलं असेल तर तसंच लिहा : ‘आईच्या सांगण्यानुसार’.

चित्राची पाठ पुढच्या बाजूइतकीच काळजीने पाहा. फ्रेम उलटी केली की मागे बरंच काही सापडतं : फ्रेम करणाऱ्याचं लेबल, प्रदर्शनाची चिठ्ठी, लिलावाचा खडूने लिहिलेला आकडा, कधी अर्पणाच्या दोन ओळी. प्रत्येकाचा फोटो घ्या आणि काहीही सोलून काढू नका. जुन्या माउंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या) खिडकीच्या कडेने चित्रावर तपकिरी रेघ दिसली, तर माउंटचा पुठ्ठा आम्लयुक्त आहे असं समजा. तेही नोंदवा, पण माउंट स्वतः उखडायला जाऊ नका. चित्र काचेला चिकटलेलं दिसलं तर फ्रेमला हातच लावू नका. ते काम कागदाच्या संवर्धकाचं.

क्रमांक चित्रावर पेनाने लिहायचा नाही. फोल्डरवर लिहा. अगदीच गरज पडली तर मागे खालच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. चिकटपट्टी, स्टेपल, रबरबँड आणि लॅमिनेशन यांपैकी कशालाही संग्रहाजवळ फिरकू देऊ नका. चिकटपट्टीचा गोंद कागदात मुरतो, पिवळा पडतो आणि पुढे निघता निघत नाही.

हे तुमचं आहे का?

प्रश्न खडूस वाटेल, पण ग्रंथालय तो विचारणारच. वडिलोपार्जित संग्रह असेल तर मालकी तुम्हा एकट्याची आहे की भावंडांचीही? भावंडांची असेल तर सगळ्यांची लेखी संमती आधी घ्या. ज्यांना आठवण म्हणून एखादं चित्र हवं असेल त्यांना ते आत्ताच देऊन टाका. कागदावर सह्या झाल्यावर ‘ते निळं चित्र मात्र माझं होतं’ असं म्हणत कुणी उभं राहिलं, की सगळंच अडकतं.

संग्रहात दुसऱ्या देशातून आलेल्या पुरातन वस्तू असतील तर त्या केव्हा आणि कशा आल्या याचे कागद शोधा. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे, आणि अनेक संस्था त्या वर्षाला सीमारेषा मानतात : त्यानंतर बाहेर पडलेल्या वस्तूचे कागद नसतील तर त्या वस्तू घ्यायला कचरतात. हस्तिदंतावर रंगवलेली लघुचित्रं असतील तर वन्यजीव व्यापाराचे नियमही लागू होतात. अशी लघुचित्रं देशाबाहेरच्या संस्थेला पाठवायची असतील तर परवान्यांशिवाय ती सीमा ओलांडू शकत नाहीत.

मालकी आणि कॉपीराइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्र विकत घेतल्याने त्याच्या प्रती छापण्याचा हक्क तुमच्याकडे येत नाही. तो बहुधा चित्रकाराकडे आणि त्याच्यामागे वारसांकडे राहतो. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार या हक्काची मुदत किमान चित्रकाराच्या मृत्यूनंतर ५० वर्षं आहे. भारतात ती ६० वर्षं, युरोपीय संघात ७०. म्हणून जे तुमच्याकडे नाही ते दानपत्रात देऊन बसू नका. उलट तुम्ही स्वतः काढलेली छायाचित्रं किंवा घरातल्याच चित्रकाराचं काम देत असाल तर कॉपीराइटही द्या, नाहीतर निदान प्रती काढायची मोकळीक द्या. त्याशिवाय ग्रंथालयाला ती चित्रं संकेतस्थळावर टाकणं अवघड जातं.

ग्रंथालय निवडणं आणि पहिलं पत्र

जवळचं ग्रंथालय सोयीचं असतं, योग्य असेलच असं नाही. प्रत्येक नीट चालणाऱ्या ग्रंथालयाचं संग्रह-धोरण असतं : कोणत्या विषयाचं, काळाचं, प्रकारचं साहित्य ते घेतात. ते मागवून वाचा. तुमच्या संग्रहाचा सख्खा शेजारी तिथे आधीच आहे का ते पाहा. पोस्टरांचा मोठा साठा असलेल्या ग्रंथालयात तुमची पोस्टरं दहापट उपयोगाची ठरतील.

मग तिथे वाचक म्हणून एकदा जाऊन या. एखादं जुनं चित्र मागवा. ते किती वेळात आलं, कशात ठेवलेलं होतं, हाताळण्याबद्दल कुणी काही सांगितलं का, टेबलावर उन्हाची तिरीप येते का? कागदावरच्या चित्रांसाठी उजेड साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आत ठेवावा असा संकेत आहे, म्हणजे खोली जरा मंदच वाटायला हवी. माहितीपत्रकातून कळणार नाही ते या एका भेटीत कळतं.

पत्र दारावरच्या खिडकीत देऊ नका. विशेष संग्रह किंवा दुर्मीळ साहित्य विभागाच्या प्रमुखांना लिहा. एक पान पुरे : काय आहे, साधारण किती, कोणत्या काळातलं, अवस्था कशी, कागदपत्रं आहेत का, कधीपर्यंत द्यायचं आहे. सोबत यादी आणि आठ-दहा फोटो. संग्रह जमवण्यामागची तुमची कहाणी दोन वाक्यांत सांगा. ती पुढे भेटीत विचारतीलच.

न विचारता खोकी नेऊन ठेवू नका. असं साहित्य वर्षानुवर्षं मालकीच्या घोळात पडून राहतं. टाकता येत नाही, नोंदवताही येत नाही.

उत्तराला वेळ लागतो. निवड समिती असते, कधी विश्वस्तांची बैठक व्हावी लागते. मध्ये एखादी नम्र आठवण करायला हरकत नाही.

अटी : जितक्या कमी तितक्या बऱ्या

इथे देणगीदार आणि ग्रंथालय यांची खरी ओढाताण होते. आयुष्यभर जमवलेलं हातातून जाताना अटी घालाव्याशा वाटणं स्वाभाविक आहे. कायम प्रदर्शनात ठेवा, माझ्या नावाचं दालन करा, कधी विकू नका, कुणाला उसनं देऊ नका, वगैरे.

विल्यम बरेल या जहाजमालकाने १९४४ साली आपला प्रचंड संग्रह ग्लासगो शहराला दिला. शहरातल्या धुरापासून दूर, निदान १६ मैलांवर, तो ठेवावा अशी अट घातली. अशी जागा मिळेना. अट सैल करून शहराच्या हद्दीतल्या एका उद्यानात इमारत उभी राहिली आणि १९८३ साली उघडली, तेव्हा बरेल जाऊन २५ वर्षं झाली होती. संग्रहातलं काही परदेशी प्रदर्शनाला पाठवायचं नाही, अशीही अट होती. ती उठवायला २०१४ मध्ये स्कॉटिश संसदेला कायदा करावा लागला. आपल्या संग्रहासाठी इतकं होणार नाही. अट नकोशी झाली की तो बहुधा नुसता खोक्यात पडून राहील.

दुसऱ्या टोकाची गोष्टही ऐका. कवी ब्रायंट यांच्या मुलीने १९०४ साली ॲशर ड्युरँडचं ‘किंड्रेड स्पिरिट्स’ हे चित्र न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीला दिलं. शंभर वर्षांनी, २००५ साली, ग्रंथालयाने ते विकलं. शहरात मोठा गदारोळ झाला. ग्रंथालयाची बाजू अशी की त्यांचं मुख्य काम पुस्तकांचं. ती पटो न पटो, चित्र गेलं.

‘विकू नका’ असं लिहून ठेवल्यानेही प्रश्न सुटत नाही. चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांनी १९४९ साली अमेरिकेतल्या फिस्क विद्यापीठाला आपले दिवंगत पती, छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्या संग्रहातली चित्रं दिली, न विकण्याच्या अटीवर. पुढे विद्यापीठ पैशाच्या अडचणीत आलं आणि प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात चाललं. अखेर २०१२ पासून तो संग्रह दोन संस्थांनी वाटून दाखवायचा असं ठरलं.

म्हणून ‘कधीही नाही’ असं लिहिण्याऐवजी ‘तशी वेळ आलीच तर काय’ हे लिहून ठेवा. माझ्या मते पुरेसं कलम असं : संग्रहातली वस्तू ग्रंथालयाला नको झाली तर ती आधी दुसऱ्या सार्वजनिक संस्थेला देऊ करावी, विकावी लागली तर येणारे पैसे फक्त त्याच विभागाच्या साहित्यावर खर्च करावेत, आणि देणगीदाराला किंवा त्याच्या एका प्रतिनिधीला आधी कळवावं. ‘वारसांना परत द्यावी’ हे कलम टाळा. पन्नास वर्षांनी वारस शोधायचे कुणी?

कायम प्रदर्शनाची अट तर चित्रालाच मारक असते. जलरंग आणि जुनी छायाचित्रं सतत उजेडात राहिली की फिकी पडतात आणि गेलेला रंग परत येत नाही. काही महिने भिंतीवर, मग दीर्घ काळ अंधारात, हीच त्यांची पथ्यं.

रास्त अटीही असतात. पत्रव्यवहारात हयात माणसांच्या खासगी गोष्टी असतील तर तेवढी पाकिटं ठरावीक वर्षापर्यंत बंद ठेवायला सांगा. फक्त नेमकं वर्ष लिहा. ‘योग्य काळापर्यंत’ असं लिहिलंत तर पुढे त्याचा अर्थ प्रत्येकजण आपल्या सोयीने लावेल.

दानपत्र

तोंडी आश्वासनावर काहीही हलवू नका. ज्या ग्रंथपालांनी प्रेमाने शब्द दिला ते निवृत्त होतात. दानपत्रात पुढचं सगळं असायला हवं : देणारा कोण, घेणारी संस्था कायद्याने कोण, मालकी कोणत्या तारखेला जाते, परिशिष्ट म्हणून पूर्ण यादी, कॉपीराइटचं काय, बंद ठेवायचं काय, नको झालेल्या वस्तूंचं काय, आणि नाव कसं द्यायचं. ‘घेणारी संस्था कोण’ इथे बारकाईने पाहा. ग्रंथालय अनेकदा विद्यापीठाचा, पालिकेचा किंवा न्यासाचा एक विभाग असतं आणि सही करण्याचा अधिकार वरच्या संस्थेकडे असतो. अधिकार नसलेल्याची सही म्हणजे नुसता कागद. तुमच्या देशात अशा दस्ताची नोंदणी करावी लागते का, हे वकिलाला विचारा.

आत्ताच द्यायचं नसेल तर मृत्युपत्राने देता येतं. पण ग्रंथालयाला आधी सांगून, त्यांचा होकार घेऊन. नाहीतर वारसांवर नको असलेल्या वस्तू नेऊन पोचवायची पाळी येते. रोझेनवाल्ड यांनी मधला मार्ग काढला होता : दान हयातीत जाहीर केलं, पण संग्रहाचा बराचसा भाग १९७९ साली मरेपर्यंत स्वतःजवळ ठेवला. नुसतं उसनं म्हणून, मालकी न सोडता ठेवायला दिलं तर बहुतेक ग्रंथालयं नाखूश असतात. परक्याच्या वस्तूवर संवर्धनाचा खर्च कोण करणार?

मोल आणि खर्च

करसवलत मिळत असेल तर मूल्यांकन स्वतंत्र मूल्यमापकाकडून करून घ्या. घेणाऱ्या ग्रंथालयाने देणगीची किंमत ठरवणं हितसंबंधांच्या दृष्टीने बरोबर नाही आणि चांगली ग्रंथालयं ते करतही नाहीत. कर सल्लागाराला मालकी देण्याआधी भेटा, नंतर नाही.

जमत असेल तर संग्रहाबरोबर थोडे पैसेही द्या. चित्रकार जोसेफ पेनेल १९२६ साली वारले. त्यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसला संग्रहाबरोबर मुद्राचित्रं विकत घेण्यासाठी निधीही ठेवला. एवढं जमणार नसेल तर आम्लमुक्त फोल्डर आणि खोक्यांचा खर्च उचला, किंवा यादी तयार करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याचं मानधन द्या. समितीच्या बैठकीत याचा उपयोग होतो, हे उघड सांगायला मला संकोच नाही.

बांधाबांध

आधी कीड आणि बुरशी पाहा. कसर, वाळवीची माती, काळपट-हिरवट ठिपके, कुबट वास : जे दिसेल ते आधी कळवा आणि तेवढा भाग वेगळ्या पिशवीत ठेवा. लपवलंत तर एक खोकं अख्ख्या कोठाराला लागण करू शकतं. फिनाइलच्या गोळ्या टाकून वास मारायच्या भानगडीत पडू नका. जुन्या फिल्म निगेटिव्हना व्हिनेगरसारखा वास येत असेल तर त्या विघटित होऊ लागल्या आहेत. १९५० च्या सुमारापर्यंतच्या काही फिल्म नायट्रेटच्या असतात आणि भडकन पेट घेतात. त्या बाकीच्या सामानाबरोबर पाठवायच्याच नाहीत, आधी विचारायचं.

कोळशाची आणि पेस्टलची चित्रं गुंडाळायची नाहीत, घासली जातात. सपाट ठेवा, मध्ये गुळगुळीत आम्लमुक्त कागद. काच असलेली फ्रेम उभी न्यायची, काचेवर काढता येईल अशा हलक्या चिकटपट्टीची जाळी करायची. फुटलीच तर तुकडे चित्रावर पडत नाहीत. चिकटपट्टीला मी परवानगी देतो ती एवढ्याच एका कामाला. खोकी हलकी भरा, प्रत्येकावर यादीतले क्रमांक लिहा. विमा तुमच्या भिंतीवरून उतरल्यापासून त्यांच्या कपाटात जाईपर्यंतचा हवा, आणि तो कोण काढणार हे आधी ठरवा.

पोचवताना यादी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी एकेक वस्तू मोजा आणि पोच घ्या. नंतर ग्रंथालय प्रत्येक वस्तूला स्वतःचा दाखल क्रमांक देतं. तो मिळाला की तुमच्या यादीत नवा रकाना करून भरा आणि तिची एक प्रत घरच्या कागदपत्रांत ठेवा. पुढे नातवंडांना काही पाहायचं असेल तर मागणीचिठ्ठीवर लिहायला तोच क्रमांक लागेल.

नाही म्हणाले तर

नकार बहुतेक वेळा जागेचा किंवा विषयाचा असतो, तुमच्या संग्रहाच्या दर्जाचा नसतो. नकार देणाऱ्यालाच विचारा : मग कुणाला विचारू? या क्षेत्रातली माणसं एकमेकांना ओळखतात आणि हे उत्तर ती मोकळेपणाने देतात. काही ग्रंथालयं संपूर्ण संग्रह नाकारतात, पण त्यातलं विशिष्ट काही मागतात. समजा, तीनशे चित्रांतून फक्त स्केचबुकं आणि पत्रं मागितली. मन खट्टू होईल, पण देऊन टाका, आणि उरलेल्या चित्रांची यादी त्याच दिवशी पुढच्या पत्राला जोडा.